खुलासा : सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असे नाही

‘सोनोग्राफीत लिव्हरवर पांढरी गाठ दिसली की कॅन्सर समजा, लगेच सुईने तुकडा काढा,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

पांढरी, काठ स्पष्ट असलेली गाठ बहुतेकदा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असते. खात्री लागलीच, तर ट्रायफेजिक सीटी (शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्रात उजळणारे औषध, देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी स्कॅन) किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय करतात. कॉन्ट्रास्टशिवायच्या साध्या सीटीवर हिमँजिओमा आणि कॅन्सर यांतला फरक सहसा कळत नाही.

कॉन्ट्रास्ट दिल्यावर साधारण ३० सेकंदांनी, ७० सेकंदांनी आणि ३ ते ५ मिनिटांनी चित्रे घेतात. हिमँजिओमा कडेने तुटक ठिपक्यांनी उजळतो आणि हळूहळू आत भरत जातो. लिव्हरचा मूळ कॅन्सर पहिल्या टप्प्यात चमकतो, पुढे आसपासच्या लिव्हरपेक्षा काळपट पडतो. साधी सिस्ट, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, उजळतच नाही. लहान हिमँजिओमा मात्र एकदम भरतो आणि कॅन्सरसारखा दिसून फसवतो. तिथे एमआरआय कामी येतो.

सिरॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणे) असेल तर १ सेंमी किंवा मोठ्या गाठीत आधी चमकणे आणि मग काळपट पडणे ही कॅन्सरची खूण स्पष्ट दिसल्यास बहुधा बायॉप्सी (सुईने तुकडा काढणे) लागत नाही. सिरॉसिस, हिपॅटायटिस बी किंवा आधीचा कॅन्सर असल्यास तपासणी लांबवू नका. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारी रक्ततपासणी) बघून घ्या.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.