प्लॉट बघायला जुलैमध्ये जा

दिवाळी झाली की आपल्याकडे प्लॉट बघायचा सीझन सुरू. एजंट रविवारी गाडी घेऊन येतो, साइटवर चुन्याच्या रेघा, स्वागताची कमान, आणि आपली मंडळी मोबाईलवर कंपास काढून पूर्वमुखी आहे का तेवढंच बघत बसतात!! अहो खाली माती कसलीय ते कोण बघणार?

आमच्या सोलापूर-लातूर साइडला काळी माती पिकाला सोनं, पण घराला ताप. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, आणि पाया वरच्यावर घेतला असेल तर भिंतींना तिरप्या चिरा जातात, मग पुट्टी भरत बसा दरवर्षी. म्हणून माझं स्पष्ट मत, इसार द्यायच्या आधी मालकाला विचारून जेसीबीने एक खड्डा मारायचा. मुरूम चार फुटावर लागला तर बरं, दहा फूट काळीच निघाली तर पायाचा खर्च कुठल्या कुठे जातो, आणि तो प्लॉटच्या भावात धरूनच बोलणी करायची. मालक खड्डा मारू देत नसेल तर तिथंच नमस्कार करून निघायचं.

आणि जायचं ते जुलै-ऑगस्टमध्ये, चिखल तुडवत. पाणी कुठं साचतं, गाडी आत जाते का, सगळं दिसतं. गाव नकाशा काढून बघा, प्लॉटिंगवाल्याने बुजवलेला ओढा त्यात सापडू शकतो. नदी जवळ असेल तर पूररेषा विचारा, निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा.

कागदाचं सगळ्यांना माहितीये तरी फसतात. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा, म्हणजे कर्जबिर्ज आहे का, भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन आहे का ते बघा. एक गुंठा म्हणजे 1089 स्क्वेअर फूट, तेवढ्यासाठी अनोळखी दहा जणांसोबत सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून घेतात, कारण एजंट म्हणतो "एनए (बिगरशेती) होणारच आहे साहेब". होणार आहे ना, मग झाल्यावर घेऊ की! रस्त्याचं पण तेच, ब्रोशरवर 30 फुटी, आणि प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या बांधावरून वाट, तो शेजारी उद्या काटे टाकून बसला की विटांचा ट्रक कुठून आणणार?

सरकारी मोजणी करून क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणी नकाशा, हातात आल्याशिवाय खरेदीखत नाही. मोजणीची फी कोणी भरायची यावरून आमच्या घरात दोन तट आहेत, मी म्हणतो विकणाऱ्याने.