आरिरांग गाणारी मुकाट्याने सोसत नाही

"प्रियकर टाकून गेला तरी कोरियन लोकगीतातली बाई मुकाट सोसते. इंग्रजी लोकगीतातला विरह मात्र कोरडा आणि हिशेबी. आरिरांग हजारो वर्षं जुनं आहे, आणि ग्रीनस्लीव्ह्ज आठव्या हेन्रीने ॲन बोलिनसाठी रचलं." असा मजकूर सध्या खूप फिरतोय. आरिरांग हे कोरियाचं, तर ग्रीनस्लीव्ह्ज हे इंग्लंडचं प्रसिद्ध गाणं, आणि आठवा हेन्री हा इंग्लंडचा राजा, ॲन बोलिन त्याची राणी. कोरियन मालिकांमुळे आपल्याकडच्या मुलामुलींना या गाण्यांची गोडी लागली याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी सोसण्याचं बघू. आरिरांगच्या सगळ्यात प्रसिद्ध कडव्यात ती म्हणते, मला टाकून जाणाऱ्याचे पाय दहा ली जायच्या आत दुखायला लागतील. दहा ली म्हणजे जेमतेम चार किलोमीटर. हा सरळसरळ तळतळाट आहे, आणि त्यातच आशाही आहे, कारण पाय दुखले तर तो लांब जाणार नाही. आरिरांगची भागाभागांत वेगळी रूपं आहेत. जॉन्गसन भागातल्या आरिरांगमध्ये नदीने ताटातूट झालेला जीव नावाड्याला हाक मारतो, मला पलीकडे सोड, रानातलं दोंगबाक (एक रानझुडूप) गळून चाललंय. मिर्यांग भागातल्या आरिरांगमधली तर ठेक्यात मागणीच करते, माझ्याकडे बघा ना, ऐन थंडीत फूल दिसल्यासारखं बघा! यात मुकाटपणा कुठे आहे?

कोरियन कलेचं सौंदर्य दुःखातच आहे, ही मांडणी गाजवली जपानी समीक्षक यानागी सोएत्सु यांनी, 1920 च्या दशकात, कोरिया जपानच्या ताब्यात असताना. त्यांचं कोरियन कलेवर खरं प्रेम होतं. तरी सत्ताधारी देशातल्या माणसाने पारतंत्र्यातल्या लोकांना दुःखी ठरवावं, हे अनेक कोरियन अभ्यासकांना पटलं नाही, आणि मलाही पटत नाही. प्रसिद्ध चालही रडकी नाही. शेवटच्या सुराला षड्ज मानलं तर त्यात भूपाचेच पाच स्वर सापडतात.

वयाचं थोडक्यात. आज सर्वांना माहीत असलेलं रूप 1926 च्या ना उन-ग्यू यांच्या 'आरिरांग' या मूकपटामुळे देशभर पसरलं. गाणं त्याआधीचं आहे. कोरियात राहिलेले अमेरिकन शिक्षक होमर हल्बर्ट यांनी 1896 मध्ये त्याचं स्वरलेखन छापलं होतं. पण हजारो वर्षांचा पुरावा कुठेही नाही.

आता इंग्रजी कोरडेपणा. 1903 च्या सप्टेंबरमध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प यांनी जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याच्या तोंडून 'द सीड्स ऑफ लव्ह' ऐकलं. वसंतात प्रेमाचं बी पेरणारी मुलगी माळ्याला फूल निवडायला सांगते. तो व्हायोलेट, लिली, पिंक ही फुलं सुचवतो, ती एकेक नाकारते आणि जूनमधल्या लाल गुलाबासाठी थांबते. गुलाबाला हात घालता घालता शेवटी वाट्याला येतो विलो, म्हणजे तिकडच्या गाण्यांत प्रेमात टाकून दिलेल्यांचं झाड. रडण्याचा एक शब्द नाही, तरी काळीज हलतं. याला कोरडं म्हणवत नाही.

ग्रीनस्लीव्ह्ज ही मुळात छापून विकलेली गीतरचना. लंडनच्या छपाईनोंदीत ती 1580 मध्ये येते, हेन्री 1547 मध्येच वारला होता. हिशेब दिसतो तो याच गाण्यात. 1584 च्या छापील पाठात प्रियकर तिला दिलेल्या भेटी मोजून दाखवतो, किरमिजी रेशमी मोजे, दुधासारखे पांढरे जोडे, रुमाल, परकर. पण एवढं सगळं मोजून झाल्यावर तो परत काहीच मागत नाही. मी अजून तुझाच आहे, एकदा ये आणि माझ्यावर प्रेम कर, एवढंच म्हणतो.