अंथरूण, पाय आणि ग्राफिक्स कार्ड

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मला लहानपणापासून पाठ आहे. गेमिंग पीसीच्या बाबतीत मात्र अंथरूण एकदाच ठरतं आणि पाय रोज रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान वाढत राहतात.

सुटे भाग मागवून घरीच पीसी जोडायचं ठरवलं, तेव्हा बजेट मी एक्सेलच्या शेवटच्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. बेरीज त्याच्या वर गेली की चौकट लाल व्हावी, अशी सोयही केली होती. आठवड्याभरात ती काढून टाकली. डोळ्यांना त्रास होत होता.

सुरुवात प्रोसेसरपासून. एएम४ सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्ड या मुख्य पाटीवरच्या एएम४ नावाच्या खोबणीत बसणारा बरा प्रोसेसर, त्यावर चालणारी डीडीआर४ पिढीची रॅम, सगळं चौकटीत बसत होतं. मग मी एका जाणकार मित्राला विचारण्याची चूक केली. "अरे, ते सॉकेट २०१६ चं. २०२२ ला एएम५ आलं. उद्या अपग्रेड करायचं म्हटलंस तर?" मी आयुष्यात मोबाइलचं कव्हरही अपग्रेड केलेलं नाही, पण त्या 'उद्या'ने माझी झोप उडवली. एएम५ ठरलं. त्यावर पुढच्या पिढीची डीडीआर५च लागते. रॅमची जुनी कांडी रेटून बसवू म्हटलं तरी बसत नाही, कारण खाचच वेगळ्या जागी असते. माझ्यासारखी माणसं जगात आहेत, हे बनवणाऱ्यांना आधीच ठाऊक असावं.

वाढलेला खर्च भरून काढायला मी नावापुढे 'एफ' असलेला प्रोसेसर निवडला. एफ म्हणजे प्रोसेसरच्या आतलं, पडद्यावर चित्र पाठवणारं ग्राफिक्स गायब. त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड तर घेणारच होतो, मग आतलं कशाला? स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की तो एफ पुढे पार विसरून गेलो.

आता ग्राफिक्स कार्ड. इथे 'जरा' हे मोजमापाचं एकक आहे. सगळ्यात स्वस्त कार्डापेक्षा पुढचं जराच महाग असतं. त्याच्या पुढचं त्याहून जराच. आठ जीबी मेमरी पुरेल का, या प्रश्नाने तर माणूस एका रात्रीत दोन पायऱ्या चढतो. अशा सहा 'जरा' ओलांडल्यावर पाहिलं, तर एकट्या कार्डाची किंमत अख्ख्या बजेटएवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पायऱ्या एकदम उतरलो. उतरताना गुडघे जास्त दुखतात.

पॉवर सप्लायवर '८० प्लस ब्राँझ' लिहिलेलं पाहून मला वाटलं, हा तिसरा आला. गोल्ड घ्यावा, तर त्याच्या वर प्लॅटिनम आणि टायटॅनियम बसलेलेच. पुढे कळलं, की ही पदकं भिंतीतून घेतलेली वीज किती कमी वाया जाते त्याची आहेत. सप्लाय किती टिकेल याबद्दल ती काहीच बोलत नाहीत. ६५० वॅटचा ब्राँझ घेतला. बक्षीस समारंभात मला रस नाही.

रॅम सोळाची एक कांडी घ्यावी की आठाच्या दोन, यावर मात्र मित्र ठाम होता. दोन घेतल्या की दोन्ही वाटांनी डेटा वाहतो. पटलं, दोन घेतल्या. त्यात वाचलेले पैसे रंगीत दिव्यांच्या पंख्यांत घातले. दिव्यांनी एकही फ्रेम, म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांतलं एकही चित्र, वाढत नाही, हे मला माहीत होतं. पण कॅबिनेटला काच होती, आणि काचेतून अंधार तरी किती बघायचा!

यादी पूर्ण झाली, सामान मागवलं. मी मोठ्या अभिमानाने धाकट्या बहिणीला फाइल दाखवली. तिने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"दादा, यात मॉनिटर कुठल्या ओळीत आहे?"

माळ्यावरचा जुना मॉनिटर काढला. १९२० गुणिले १०८०, ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला साठच चित्रं), एका कोपऱ्यात पिवळसर.

जोडणीबद्दल फार सांगत नाही. पॉवर बटणाच्या त्या इवल्याशा वायरींसमोर मी मोबाइलचा टॉर्च दातात धरून अर्धा तास गुडघे टेकले होते, एवढं पुरे. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे सगळ्या रंगांत नाचले, पडदा काळाच्या काळा. रॅम काढली, घातली. कार्ड काढलं, घातलं. दीड तासाने बहीण पाणी प्यायला उठली आणि मागे डोकावून म्हणाली, "ही केबल त्या मोठ्या कार्डात नको का?" केबल मदरबोर्डाला लावलेली होती. आणि प्रोसेसर एफ.

शेवटी गेम सुरू झाला. कोपऱ्यातला आकडा सांगत होता, सेकंदाला १४० फ्रेम्स. मॉनिटर दाखवणार ६०. उरलेल्या ८० फ्रेम्ससाठी मी पैसे मोजले होते आणि त्या कुठे दिसत नव्हत्या.

त्या रात्री नवी फाइल उघडली. एकच ओळ: मॉनिटर. १४४ हर्ट्झचा पुरे, पण १४४० पी, म्हणजे आणखी बारीक चित्राचा, जराच महाग आहे. ठिपके मात्र जवळजवळ ३७ लाख, माझ्या जुन्यावर २१ लाखही नाहीत. म्हणजे एवढे ठिपके रंगवायला कार्ड जरा…

मी ती लाल चौकटीची सोय पुन्हा लावली. मग लगेच काढली.