‘रेड होतं, तरी फोटो गेले’: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार अशी: चार डिस्कचा एनएएस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणारा डबा) देताना ‘रेड ५ आहे, डिस्क गेली तरी डेटा जात नाही’ असं आम्ही सांगितलं, तरी रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) शिरून घरचे सगळे फोटो सेव्हन-झिप या फाइली बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या पासवर्डवाल्या, कुलूपबंद फाइली झाले, आणि वर तपासणीचे १५०० रुपये लावले.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांवर माहिती वाटून ठेवण्याची पद्धत. त्याबद्दलचं वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं न सांगणं ही आमची चूक. रेड ५ मध्ये एक डिस्क बिघडली तर बाकीच्या तीनवरून माहिती पुन्हा उभी करता येते, बस. कुलूप लागलेली फाइलही रेड तितक्याच इमानाने जपून ठेवतं. त्याला बॅकअप म्हणता येत नाही.

दुसरी चूकही आमचीच. राउटरवर यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना इंटरनेटकडची दारं आपोआप उघडू देणारी सोय) चालू राहिलं होतं, त्यामुळे एनएएसने बाहेरून मोबाइलवर फोटो दिसावेत म्हणून ८०८० पोर्ट, म्हणजे असंच एक दार, स्वतःच उघडून घेतला. बसवतानाच ते बंद व्हायला हवं होतं. ‘पासवर्ड तर अवघड होता’ असं तुम्ही लिहिलंय, पण पोर्ट उघडा असला की तेवढ्याने भागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या एनएएसवर क्यूलॉकर हा सेव्हन-झिपनेच कुलूप लावणारा रॅन्समवेअर आला, तो कंपनीच्या बॅकअप अ‍ॅपमध्येच राहून गेलेल्या लॉगिनमधून. मालकाचा पासवर्ड कुणी विचारलाच नाही.

आता फोटोंचं. सेव्हन-झिपवाला हल्ला आधी कुलूपबंद प्रत बनवतो, मग मूळ फाइल पुसतो. पुसलेल्या फोटोंचे अवशेष डिस्कवर राहू शकतात, म्हणून आशा आहे. (२०२२ चा डेडबोल्ट हा दुसरा रॅन्समवेअर मूळ फाइलच जागेवर बदलायचा; तिथे हा मार्ग चालत नाही.) पण त्या डिस्कवर नवीन जे काही लिहिलं जाईल ते या अवशेषांवरच बसेल. म्हणून रीसेट नको, फर्मवेअर (डब्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट नको, फोटो परत कॉपी करून बघणं तर नकोच. आम्ही चारही डिस्क लिनक्सच्या संगणकावर फक्त वाचण्यापुरत्या जोडतो आणि फोटोरेक या पुसलेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमने सापडेल ते दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढतो. फोल्डर आणि फाइलींची नावं परत येत नाहीत; लग्न आणि बारसं एकाच ढिगात मिळेल. सगळं मिळेल असा शब्द देत नाही.

खंडणी भरू नका. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा, बेळगावच्या सायबर गुन्ह्यांच्या (सीईएन) पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि पैसे मागणारी टेक्स्ट फाइल पुसू नका.

पुढची मांडणी आम्ही विनामूल्य करून देऊ. यूपीएनपी आणि उघडे पोर्ट बंद. बाहेरून बघायचं तर वायरगार्ड किंवा टेलस्केलमधून (घरापर्यंतची खासगी, सुरक्षित जोडणी). ‘अ‍ॅडमिन’ नावाचं खातं बंद, नव्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन. रोज एक स्नॅपशॉट (एनएएसमध्येच जपलेली त्या क्षणाच्या फाइलींची स्थिती), किमान ३० ठेवायचे: घरच्या विंडोज संगणकात रॅन्समवेअर शिरून जोडलेला ड्राइव्ह खराब झाला, तर हेच उपयोगी पडतात. मात्र एनएएसचा मुख्य पासवर्डच चोराच्या हाती लागला तर तो स्नॅपशॉटही पुसतो. म्हणून दोन यूएसबी डिस्क घ्या. शनिवारी एक लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात. लावूनच ठेवली तर तीही जाते. दुसरी खानापूरला किंवा निपाणीला पाहुण्यांकडे, महिन्याला अदलाबदल. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवत असेल तर दुसरं घर कशाला हे सांगायला नको.

१५०० रुपये परत करतोय. येताना डबा अडॅप्टरसकट आणा. डिस्क काढल्या असतील तर कोणती कुठल्या खणात होती त्याचे आकडे चिकटपट्टीवर लिहून आणा, आणि तोवर डबा चालू करू नका. रविवारी दुकान बंद असतं.