बॅट माझी, मी चाललो

काल रात्री कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर पिंट्या आला तो तोंड पाडूनच. कोहलीनं टेस्ट क्रिकेट सोडून एवढे दिवस झाले तरी ह्याचं सुतक काय फिटेना. बसला, मोबाईल काढला आणि सुरू, ९२३० रन लगा, ९२३०! दहा हजाराला ७७० कमी, अजून एक वरीस खेळला असता तर काय बिघडलं असतं, वगैरे वगैरे. पिंट्याला दुनियेचे आकडे पाठ, पण पोलिसानं गाडीचा नंबर विचारला की खाली वाकून पाटी वाचतो.

सर म्हणाले, "कोहलीचं सोड रे. मुलतानला सचिन १९४ वर, दोनशेला सहा कमी असताना द्रविडनं डाव डिक्लेअर केला, ते मी २००४ पासून वागवतोय." हे सरांचं आठवड्यातनं एकदा असतंच. सरांनी द्रविडला अजून माफ केलेलं नाही, हे द्रविडला कुणीतरी कळवायला पाहिजे.

आबा एवढा वेळ तंबाखू मळत गप होते. थाप मारली, चुना झाडला आणि म्हणाले, "७७० न्हवं आन सहा बी न्हवं. नऊ. आपल्या गावच्या माणसाला नऊ कमी पडल्यात आन तुम्ही मुलतानला कशाला जाताय?"

"कोण वो?" पिंट्या.

"भाऊसाहेब निंबाळकर."

"आमदार हुते न्हवं?"

आबांनी त्याच्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता तंबाखू डोळ्यात टाकतात. मग सुरू झाले ते थांबेचनात, की डिसेंबर १९४८, पुण्यात रणजीची मॅच, समोर काठियावाड, ते २३८ ला गुंडाळल्यालं, आन आपला गडी उभा राहिला तो ४४३ नाबाद, भांडारकरांबरोबर ४५५ ची पार्टनरशिप, महाराष्ट्र ४ बाद ८२६, ब्रॅडमनच्या ४५२ च्या वर्ल्ड रेकॉर्डला फकस्त नऊ रन पायजेत, आन तिसऱ्या दिवशी इंटरवलला काठियावाडचा कॅप्टन म्हणजे राजकोटचे ठाकूरसाहेब म्हणतोय, लई झाल्या रना, डाव सोडा न्हाईतर आम्ही चाललो घरला. आपला कॅप्टन राजा गोखले विनवतोय की दोनच ओव्हर टाका. न्हाई म्हंजे न्हाई. सामान उचललं आन गेले!

"संस्थानिक हुते ना," मी म्हटलं, "गल्लीत ज्याची बॅट असते ते पोरगं असंच करतंय. बॅट माझी, मी चाललो."

"बरं पण काठियावाडची बोलिंग म्हणजे काय बोलिंग का आबा?" पिंट्या मोबाईलमधनं मान न काढता. "आमच्या मंडळाची पोरं बी..."

"मग तुझ्या कोहलीनं काढायच्या की! सचिन खेळला, गावसकर खेळला, सेहवाग खेळला. फर्स्ट क्लासला भारतात ४४३ च्या वर कोण गेलाय? बघ तुझ्या डबड्यात."

पिंट्यानं बघितलं. एकदा स्क्रोल केलं, परत वर आला. काही बोलला नाही.

सरांना मात्र मुद्दा सोडवत नाही. "पण आबा, एक टेस्ट नाही खेळले. मग लेजंड कसं म्हणायचं?"

"त्येच तर! वेस्ट इंडीज त्या टायमाला आपल्याकडंच खेळाय आल्ती. ४४३ काढून बी बोलावलं न्हाई. अजून काय करायचं हुतं, सिलेक्टरच्या दारात रोज दुधाचा रतीब घालायचा?"

दिग्या मधेच, "म्हणून मी म्हणतोय फुटबॉल बघा, शाहू स्टेडियमला ये म्हटलं की..." त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आबा जरा वेळानं हळूच म्हणाले, "ब्रॅडमननं तेंना चिठ्ठी लिवल्याली, तुमची इनिंग माझ्यापेक्षा भारी म्हणून, असं सांगत्यात. हितंच कोल्हापुरात गेले, ११ डिसेंबर २०१२ ला. बारा तारखेला ९३ पुरी हुणार हुती. तिथं बी एक दिवस कमी."

कोणीच बोलेना. समोरच्या टपरीवाल्यानंसुद्धा रेडिओ बारीक केला, म्हणजे तो नेहमीच साडेदहाला करतो, पण काल ते बरं वाटलं.

आणि मला नको ते आठवलं. "पिंट्या, पेठेच्या टेनिस बॉल टूर्नामेंटला मी ४७ वर होतो, तू मला अर्ध्या पिचवर सोडून मागं पळालास. तीन रन कमी पडले माझे."

"कॉल तुझा हुता!"

"कॉल? तू कुणाच्यातरी आत्याला हात करत होतास!"

सरांना चहा ठसक्यात गेला, दिग्या कट्ट्यावरनं घसरायचाच राहिला, आबा "आत्या कुठली, आत्या कुठली" म्हणून मागं लागले. पिंट्या लाल झाला, उठला, गाडीला किक मारली. पाच चहा आणि दोन क्रीमरोलचं बिल त्याच्याकडं होतं, काल त्याची पाळी.

आबा ओरडले, "धरा रं, ठाकूरसाहेब चालले!"