'सात दिवसांत सीआरएम, दिवाळीत विक्री दुप्पट': हा मेसेज पुढे पाठवू नका

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "सीआरएमला नियोजन-बियोजन काही लागत नाही. जुना सगळा डेटा ओता, सात दिवसांत चालू करा, दिवाळीत विक्री दुप्पट." सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांची नावं, चौकशा, उधारी यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. आमच्या मामांचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हे वाचून ते वर्षभराचे पैसे आगाऊ भरायला निघालेत, म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक म्हणजे 'जुना सगळा डेटा ओता'. मामांची एक्सेल मी उघडून बघितली. एकच गिऱ्हाईक 'महालक्ष्मी ट्रेडर्स', 'महालक्ष्मी ट्रे.' आणि 'श्री महालक्ष्मी' अशा तीन नावांनी बसलंय. एका ओळीत मालकाचा नंबर, दुसरीत नोकरी सोडून गेलेल्या मुनिमाचा. उधारी एका नावावर, जमा दुसऱ्यावर. हे तसंच ओतलं की पैसे चुकते केलेल्या माणसाला वसुलीचा मेसेज जाणार, तोही आपोआप, दर आठवड्याला! जुनी गिऱ्हाइकं अशीच तुटतात. आधी जीएसटी नंबर आणि मोबाइल धरून नावं एक करा, बंद नंबर काढा, यापुढे नवं नाव कोण भरणार ते ठरवा. नियोजन म्हणतात ते हेच. आणि जमवलेले नंबर उचलून कुणालाही जाहिराती पाठवायच्या असतील, तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आधी वाचा. त्यात संमतीची अट आहे, आणि डेटा नीट सांभाळला नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

ऐन सणाच्या तोंडावर चालू करायचं? अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ साली तेच केलं. सॅप कंपनीची ऑर्डर-गोदामाची यंत्रणा, सीबेल कंपनीचं सीआरएम आणि मालाच्या नियोजनाचं तिसरं सॉफ्टवेअर, सगळं एकदम, हॅलोविन या तिथल्या सणाच्या हंगामाआधी. ४८ महिन्यांचं काम ३० महिन्यांत कोंबलं होतं. माल गोदामात होता, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत झाली, तिथे दोन पोरांवर चालणाऱ्या काउंटरचं काय होईल?

'विक्री दुप्पट'वर वेळ घालवत नाही. सॉफ्टवेअर फोन करायची आठवण देतं, फोन माणसालाच करावा लागतो.

छोट्या दुकानाला महागडा सल्लागार आणि वर्षभराचा प्रोजेक्ट नको, हे मात्र खरं, मान्य. मामांनी दिवाळीनंतर फक्त चौकशी आणि उधारी एवढ्याच दोन गोष्टींपासून सुरुवात करावी, पैसे महिन्याच्या हिशेबाने भरावेत. आणि विकायला येणाऱ्याला आधीच विचारावं: उद्या हे सोडायचं ठरलं, तर आमची सगळी नोंद एक्सेलमध्ये परत मिळेल का? उत्तर लेखी घ्यावं.