सहा की आठ

शनिवारी एक माणूस नव्वद किलोमीटर गाडी हाकत माझ्या घरी आला, माझ्या टर्बोत (इंजिनाच्याच धुरावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारा पंखा तो) बोट घातलं, दीडशे युरो देऊ केले आणि ‘हं’ म्हणाला. मी सहाशे सांगितले होते. दीडशेचा राग एक वेळ गिळता येईल. त्या ‘हं’चा अजून घशात आहे.

माझ्याकडे १९८७ ची पोर्शे ९४४ टर्बो आहे. पोर्शे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जी येते, ती ही नव्हे. हिचं इंजिन पुढे, आणि जन्म पोर्शेच्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यातला नसून नेकार्सुल्मच्या ऑडीच्या कारखान्यातला. (सासऱ्यांना हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, “म्हंजे जॉबवर्क.”) गाडी घेताना आधीच्या मालकाने डिकीत एक खोकं ठेवून दिलं: “जादाचा टर्बो. एसचा आहे.” ते खोकं सहा वर्षं तळघरात बसून होतं. आता बायकोला तळघर हवंय.

‘एसचा’ या एका शब्दात सगळा पैसा आहे. १९८८ साली टर्बो एस आली, २२० अश्वशक्तीच्या २५० झाल्या. दोन्ही गाड्यांना टर्बो केकेके या जर्मन कंपनीचा, के२६ नावाचाच. पण साधीला के२६/६, एसला के२६/८. फरक गरम बाजूच्या कवचात, म्हणजे इंजिनाचा धूर जिथे शिरून टर्बोतलं पात्यांचं चाक फिरवतो तिथे. सहाची वाट अरुंद, म्हणून तो लवकर जोर धरतो. आठ उशिरा जागा होतो, पण इंजिन जोरात फिरू लागलं की मोकळा श्वास घेतो. आठाला गिऱ्हाईक असतं. सहाला ‘बघू’ असतं.

(वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही कल्पना १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने पेटंट केली. त्याने केली नसती तर पुण्यात कुणाला तरी सुचलीच असती.)

आता माझा सहा की आठ? रिव्हेट मारलेल्या पट्टीवर सगळं लिहिलेलं असतं. माझ्या पट्टीवर कुणीतरी इतक्या प्रेमाने तारेचा ब्रश फिरवला होता की तिच्यात दाढी करता आली असती. उरला कवचावर ओतलेला आकडा. इंग्रजी सहा आणि आठ यांत फरक तो काय? वरचं वेटोळं उघडं की मिटलेलं. माझ्या आकड्यावर नेमका तिथेच गंज. मी भिंग लावलं, टॉर्च मारला, आठ बघायचा असं ठरवून बघितलं आणि आठ दिसला. जाहिरातीत ‘बहुधा ८’ लिहिलं.

जाहिरात टाकल्यावर पहिला निरोप सात मिनिटांत आला: “शेवटची किंमत?” नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुसऱ्याने विचारलं, ऑडी क्वात्रोला बसेल का? प्रश्न अगदीच खुळा नव्हता, क्वात्रोलाही के२६ च असतो. पण के२६ हे आडनाव आहे हो! दोन माणसं पाटील निघाली म्हणून त्यांचे बांध एकमेकांना लागून असतात का? तिसऱ्याने चौदा फोटो मागवले. तोच हा शनिवारचा. जुने टर्बो उघडून नवे करून विकणं हा त्याचा धंदा.

आणि शनिवारी तो आला, नेमके त्याच वेळी मामा तळघरात उतरले.

मामा म्हणजे माझे सासरे. तीन महिन्यांसाठी कोल्हापूरहून आलेत. शिरोली एमआयडीसीत पस्तीस वर्षं फौंड्रीत काढली. इथे त्यांना ना कुणाशी बोलता येतं, ना कुठे थुंकता. त्यांनी टर्बो पाहिला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला.

“जावईबापू, कास्टिंग बघा की वो! एक ब्लो-होल, हवेचं भोक म्हून न्हाई. गोगलगायीचं पोट हाय नुसतं. आतला कोअर कसा बसवला आसंल?”

गिऱ्हाइकाने कोअर ऐकलं आणि त्याचे कान टवकारले. त्याच्या धंद्यात कोअर म्हणजे दुरुस्तीसाठी घेतलेला जुना टर्बो. “बरोबर,” तो म्हणाला, “कोअर म्हणूनच. दीडशे.”

मी भाषांतर केलं. मामा चक्रावले. “कोअर इकत घेतोय? वाळूचा आसतोय त्यो. वतल्यावर फोडून टाकत्यात!”

मग त्या माणसाने शाफ्ट चिमटीत धरून हलवला आणि तो ‘हं’ काढला. आता मला सांगा, तो शाफ्ट फिरतो मिनिटाला लाखाच्या घरात, आणि तरंगतो तेलाच्या थरावर. कोरडा हलवला तर बाजूला किंचित डुलणारच. पुढे-मागे सरकला तर दुखणं. माझा सरकत नव्हता. पाती कवचाला घासल्याची खूण नव्हती, तडा नव्हता. हे सगळं मी त्याला जर्मनमध्ये, व्याकरणासकट सांगितलं. त्याला ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तो ‘हं’ शाफ्टसाठी नव्हताच, तो माझ्यासाठी होता. हौशी माणसाला स्वतःचीच वस्तू विकताना चोरट्यासारखं वाटायला लावणं, हे या लोकांचं खरं कसब.

शेवटी त्याने आकड्यावर बोट ठेवून विचारलं, “झेक्स ओडर आख्ट?”

मी तोंड उघडायच्या आत मामा कडाडले. ‘झेक्स’ त्यांच्या डोक्यावरून गेलं, पण ‘आख्ट’ बरोब्बर कळलं.

“आठ? आठ कुठनं आला?” त्यांनी खिशातून किल्ली काढली. कोल्हापूरच्या घराची, तीन महिने इथे खिशात घेऊन हिंडतायत. टोकाने गंजाचा पोपडा टचकन उडवला. “ह्यो फुगा हाय गंजाचा. सा हाय, सा!” आणि गैरसमज नको म्हणून एक अख्खा पंजा आणि वर अंगठा, असे त्याच्या नाकासमोर धरले.

गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसलं. माझ्या ‘बहुधा’कडे बघून हसलं, असं म्हणा.

“शंभर,” तो म्हणाला.

मी भाषांतर करावं की नाही या विचारात होतो. खरं सांगतो, मी शंभराला देऊन टाकला असता, तो माणूस निघून जावा म्हणून. पण नोटेचा रंग मामांना दिसला. त्यांनी टर्बो उचलून पोटाशी धरला. “भंगाराच्या भावात असलं कास्टिंग? न्हाई!”

‘न्हाई’ आणि जर्मन नकाराचं ‘नाइन’ यांत फारसं अंतर नाही. त्याला भाषांतर लागलं नाही. तो गेला.

मी दोन दिवस मामांशी जेवढ्यास तेवढं बोललो. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. ते बाल्कनीत बसून टर्बोच्या आतल्या कोअरचं चित्र काढत होते, माझ्या वीजबिलाच्या पाठीवर.

काल रात्री त्यांची बॅग भरली. फौंड्रीतल्या पोरांना दाखवायला टर्बो घेऊन जायचं ठरलंय, माझ्या स्वेटरात गुंडाळून. मला कुणी विचारलेलं नाही. बायकोने चॉकलेटं बाहेर काढली आणि टर्बो आधी एकटाच पिशवीत घालून वजनकाट्याच्या हुकाला लटकवला.

मामांनी चष्मा लावला, वाकून काटा वाचला आणि माझ्याकडे वळले.

“घ्या जावईबापू. झाला तुमचा आठ.”